गंडगायला गाडी गावात वळवा

सिडनी-मेलबर्न गाडीने जाणारी आपली बहुतेक मंडळी गंडगायला थांबतात आणि तरीही गंडगाय पाहत नाहीत. गावाच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर, ह्यूम हायवेला लागूनच, शिदोरीच्या पेटीवर बसलेल्या कुत्र्याचा प्रसिद्ध पुतळा आहे. तिथे फोटो होतो, कॉफी होते, मुलांना बाथरूमला नेऊन आणलं जातं आणि गाडी परत हायवेला लागते. या वेळी आम्ही गावातच मुक्काम केला. पुढच्या सुट्टीत त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने निदान तीन तास तरी काढून गावात शिरावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गाव न्यू साउथ वेल्समध्ये, मरंबिजी नदीच्या काठी. वस्ती दोन हजारांच्या आसपास. सिडनीहून साधारण 390 किलोमीटर, म्हणजे चार-सव्वाचार तास. मेलबर्नहून पाच तासांच्या वर. 1977 साली नदीवर एक किलोमीटरहून लांब नवा पूल झाला आणि हायवे गावाबाहेरून गेला. तेव्हापासून पाटी बघून मुद्दाम वळल्याशिवाय गाव दिसतच नाही.

वळलात की आधी शेरिडन स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर थांबू नका. सरळ माउंट पार्नॅससच्या टेकडीवर गाडी न्या. वरपर्यंत रस्ता आहे. तिथून खाली बघितलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते: गाव दोन तुकड्यांत वसलंय. अर्धं या उतारावर, अर्धं पलीकडे साउथ गंडगायच्या चढावर, आणि मधे नदीकाठची रुंद, सपाट, हिरवीगार जमीन जवळपास मोकळी. कुरणं, नदीकाठचे जुने गम वृक्ष (निलगिरी), आणि त्यांच्यावरून जाणारा रेल्वेचा लांबलचक लाकडी पूल. इतकी सुपीक, इतकी सोयीची जागा सोडून लोक चढावर का गेले? सगळ्या गावाचा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरात आहे.

1838 साली सरकारने गाव आखलं ते याच सपाटीवर. नदी ओलांडायची जागा तिथे होती, बैलगाड्या तिथेच थांबायच्या, दुकानं आणि खाणावळी साहजिकच तिथे उभ्या राहिल्या. हा मुलूख विराजुरी या इथल्या मूळ आदिवासी लोकांचा. नदी किती चढते हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं आणि इथे घरं बांधू नका असं त्यांनी सांगितलंही होतं. 1844 ला पूर आला. लोकांनी घरांना माळे काढले, पाणी आलं की वर चढून बसायचं म्हणून. मग जून 1852 मध्ये, ऐन थंडीत, मरंबिजी रात्रीतून अशी चढली की माळेही वाहून गेले. सुमारे 250 वस्तीच्या गावातली 80 च्या आसपास माणसं गेली. म्हणजे जवळजवळ दर तिघांतला एक.

जे वाचले त्यांतले बरेचसे वाचले ते यारी आणि जॅकी जॅकी या दोन विराजुरी पुरुषांमुळे. यारीची होडी झाडाच्या सालीची होती. सालीचा एकच मोठा तुकडा सोलून त्याची होडी करतात. ती पाण्याच्या जेमतेम वर तरंगते. त्यात वल्हवणाऱ्याशिवाय एका वेळी एकच मोठा माणूस मावायचा. अंधार, ओंडके वाहून आणणारा प्रवाह, झाडांच्या फांद्यांना आणि छपरांना धरून ओरडणारी माणसं. एकाला काठावर सोडायचं आणि परत त्याच पाण्यात शिरायचं. यारीने असे 49 जण काढले असं सांगतात. जॅकी जॅकीकडे मोठी होडी होती, त्याने 20. त्यांच्याबरोबर आणखीही काही विराजुरी माणसं धावली होती. ज्यांची जमीन गेली होती त्यांनी जमीन घेणाऱ्यांना वाचवलं. हे वाचताना मला गप्प व्हायला झालं.

पुढच्या वर्षी नदी पुन्हा चढली. पण तोवर गाव वर सरकायला लागलं होतं, आणि सपाटीवर पुन्हा कधी तशी वस्ती झालीच नाही. मी सांगलीची. आमच्याकडे पुराची निळी रेषा आणि लाल रेषा नकाशावर आहेत आणि 2019 ला कृष्णा कुठवर आली होती हे घराघरांच्या भिंतींवर आहे. त्यामुळे पार्नॅससवर उभी राहून ती मोकळी जमीन मी फार वेळ बघत राहिले.

आता खाली शेरिडन स्ट्रीटवर या. रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना व्हरांड्यांची जुनी दुकानं, उन्हाळ्यातसुद्धा सावलीतून चालता येतं. इथेच यारी, जॅकी जॅकी आणि सालीच्या होडीचं ब्राँझचं शिल्प आहे. ते बसवलं गेलं 2017 च्या जूनमध्ये, महापुराला 165 वर्षं झाली तेव्हा. त्या काळी दोघांना सन्मान म्हणून गळ्यात घालायच्या धातूच्या पट्ट्या दिल्या होत्या. पण कुत्र्याचा पुतळा 1932 चा आणि या दोघांचा 2017 चा, हे अंतर मला बोचलं. मुलं बरोबर असतील तर आधी इथे थांबा, गोष्ट सांगा, आणि मग कुत्र्याकडे न्या.

कुत्र्याबद्दल माझं काही वाकडं नाही, उलट त्याची गोष्टही गावाच्या एकीचीच आहे. चिखलात रुतलेली बैलगाडी, वैतागलेला गाडीवान आणि त्याच्या शिदोरीच्या पेटीवर बसलेला कुत्रा हा प्रसंग जुन्या लोककवितेत होता. 1932 ला गावाने जुन्या रहिवाशांना परत बोलावण्याचा सोहळा केला तेव्हा या वाटेने आलेल्या पहिल्या लोकांचं स्मारक म्हणून तो पुतळा घडवून घेतला. पंतप्रधान जोसेफ लायन्स यांनी त्याचं अनावरण केलं. खालच्या पाण्यात लोकांनी टाकलेली नाणी गावच्या हॉस्पिटलला मिळायची. जगभर महामंदी होती, आणि एका लहान गावाने आपल्या हॉस्पिटलसाठी असा मार्ग शोधला.

तो घडवणारा फ्रँक रुस्कोनी गावातलाच पाथरवट, थडग्यांचे दगड करणारा. त्याचं खरं काम मात्र शेरिडन स्ट्रीटवरच्या पर्यटक माहिती केंद्रात आहे आणि ते चुकवू नका. 20,948 संगमरवरी तुकड्यांची, जेमतेम सव्वा मीटर उंचीची एक इमारत. फावल्या वेळात 28 वर्षं खपून केलेली. काचेजवळ वाकून खांब बघा: बोटाएवढ्या खांबात वेगवेगळ्या रंगांचे दगड बसवलेत आणि सांधा नखाला लागेल असं वाटत नाही. हे बघायला थोडं तिकीट आहे, ते आनंदाने द्या. माहिती केंद्रातून गावाचा नकाशाही घ्या.

तिथून पायी नायगारा कॅफे. गेल्या शतकात न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी ग्रीक कुटुंबांनी असे कॅफे चालवले. त्यांपैकी फार थोडे आता मूळच्या रूपात दिसतात. 1942 साली, युद्ध चालू असताना, पंतप्रधान जॉन कर्टिन प्रवासात रात्री उशिरा इथे आले आणि स्टेक-अंडी खाऊन गेले, हे गाव अजून अभिमानाने सांगतं. जवळच्या चढावर 1859 चं कोर्ट आहे.

पुढे रेल्वे स्टेशन. 1886 ची लांब लाकडी इमारत, नीट डागडुजी करून ठेवलेली. 1984 च्या पुरानंतर इथली गाडी बंद झाली ती झालीच. सपाटीवरचा 1903 चा रेल्वेपूल, साधारण 800 मीटरचा, अजून उभा आहे, पण लाकूड कुजलंय, कुंपणाबाहेरूनच बघा. त्याच्या शेजारचा प्रिन्स आल्फ्रेड रस्तापूल त्याहून लांब होता. त्याचा सपाटीवरचा लाकडी भाग 2021 मध्ये धोकादायक म्हणून पाडला. नदीवरचा 1867 चा लोखंडी भाग तेवढा राहिलाय. पूल पाडल्याची हळहळ गावातल्या बोलण्यात अजून येते. म्युझियममध्ये एका स्वयंसेवक आजोबांना मी पुलाबद्दल सहज विचारलं, तर त्यांनी हातातली किल्ली बाजूला ठेवली आणि कोणत्या खांबाखाली लहानपणी खेळायचो इथपासून सुरुवात केली.

हे म्युझियम होमर स्ट्रीटवर आहे आणि गावकरीच ते चालवतात. वेळा मोजक्या असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करूनच जा. जुनं गंडगाय कसं दिसायचं ते आपल्याला कळतं ते मुख्यतः डॉक्टर चार्ल्स गॅब्रिएल यांच्यामुळे. 1887 ला ते इथे आले, पेशंट तपासले आणि काचेच्या प्लेटांवर गावाचे शेकडो फोटो काढले. पूर, मिरवणुका, पुलावरची बैलं, अंगणातल्या बायका. त्या प्लेटा आता कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि फोटो ऑनलाइन बघता येतात. निघायच्या आधी घरी बसून बघा, मग त्याच रस्त्यावर उभं राहायला वेगळीच मजा येते.

गाव आजही आपल्या गोष्टींबद्दल हळवं आहे. 2016 साली राज्य सरकारने इथली कौन्सिल, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था, शेजारच्या कूटामंड्राच्या कौन्सिलशी एकत्र केली. गावाने ते मनाने कधी स्वीकारलं नाही. आमचा कारभार आम्हाला परत द्या म्हणून वर्षानुवर्षं सभा, अर्ज, मोर्चे चालू राहिले. दोन हजार वस्तीचं गाव कशासाठी भांडतंय असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण कौन्सिल म्हणजे इथे रस्ता, ग्रंथालय, पोहण्याचा तलाव आणि थोड्याफार नोकऱ्या. कुठल्याही दुकानात हा विषय काढा, लोक मोकळेपणाने बोलतात.

आता सोयीचं. बहुतेक कॅफे आणि बेकऱ्या दुपारी दोन-तीनला बंद होतात, रविवारी त्याहून लवकर. सकाळी अकराच्या आत पोचलात तर सगळं उघडं मिळेल. शाकाहारी लोकांना चिप्स, सॅलड, क्वचित व्हेज पाय (भाजी भरलेली पेस्ट्री) यावर भागवावं लागतं. दशम्या, चटणी आणि दही बरोबर ठेवा. नदीकाठी टेबलं आहेत. जानेवारीत ऊन 35 अंशांच्या वर जातं आणि नदीकाठच्या गवतात साप असतात, तेव्हा मुलांना बूट घाला. जून-जुलैत सकाळी दाट धुकं आणि दव गोठलेलं असतं, टेकडीवरून दहापर्यंत काही दिसत नाही. संध्याकाळ झाली की कांगारू रस्त्यावर येतात. मुक्काम नसेल तर उजेडातच निघा. लाँग वीकेंडला न्यू साउथ वेल्समध्ये लायसन्सवर दुप्पट डिमेरिट पॉइंट (वाहतुकीचे नियम मोडल्याचे दंडगुण) लागतात, हे विसरू नये. खूप पाऊस झाला असेल तर नदीची पातळी बघूनच सपाटीवरच्या वाटेने चाला.

अर्धा तास हातात असेल तर नॉर्थ गंडगायच्या स्मशानभूमीत जा. 1880 मध्ये वारलेल्या यारीची कबर तिथे आहे. तिथेच कॅप्टन मूनलाइट नावाने गाजलेला दरोडेखोर अँड्र्यू स्कॉटही आहे. 1880 लाच सिडनीत त्याला फाशी झाली. आपल्या जिवलग मित्राशेजारी, जेम्स नेस्बिटशेजारी पुरावं ही त्याची अखेरची इच्छा त्या वेळी डावलली गेली. 1995 मध्ये त्याचे अवशेष इथे आणून ती पूर्ण केली गेली. फाटकाशी गाडी लावून आत चालत जा, थडग्यांवर पाय देऊ नका, आणि यारीची कबर कुठे ते माहिती केंद्रातच नकाशावर खूण करून घ्या, नाहीतर त्या मोठ्या आवारात सापडायला वेळ लागतो.