व्हीलचेअर घरात आली, बाथरूमच्या दारात अडली

साधनवाटपाच्या शिबिरातून व्हीलचेअर घरी येते आणि पंधरा दिवसांत तिच्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग पडायला लागतो. असं अनेक घरांत होतं आणि त्यात घरच्यांचा आळस नसतो. मोठ्या माणसाच्या साध्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी 24 ते 26 इंच असते. बाथरूमचं दार ‘अडीच फुटी’ म्हणून बसवलेलं असलं, तरी दोन्हीकडची चौकट आणि उघड्या फळीची जाडी वजा केली की हाताशी 24-25 इंच उरतात. शिवाय चाकाच्या कड्यावर बोटं ठेवून ढकलायचं तर दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच मोकळे हवेत, नाहीतर बोटांची सालं निघतात.

म्हणून साधन मागायला जाण्याआधी घर मोजावं. दार पूर्ण उघडून फळी ते समोरची चौकट हे अंतर, उंबऱ्याची उंची, पलंगाची गादीसकट उंची, संडास भारतीय की कमोड, हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून शिबिरातल्या तपासणीच्या दिवशी सोबत न्यावं. तिथे माणसाचं माप घेतात, घराचं कोणी विचारत नाही. ते आपणच सांगायचं.

दार अरुंदच असेल तर सुताराकडून फळी काढून सरकतं दार किंवा जाड पडदा लावता येतो. निदान दार बाहेर उघडणारं तरी करून घ्या. आत माणूस पडला आणि दार आतल्या बाजूला उघडणारं असलं, तर पडलेल्याच्या अंगामुळेच ते ढकलता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी हवी.

उंबऱ्याचं गणित सरळ आहे. एक इंच चढाला बारा इंच उतार, म्हणजे पाच इंचांच्या उंबऱ्याला पाच फूट लांब रॅम्प. जागा नाही म्हणून दोन फुटांत भागवलेला रॅम्प नसलेलाच बरा. चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना हातात राहत नाही. सात इंची तीन पायऱ्यांना एकवीस फूट लागतात, तेवढी जागा चाळीत किंवा जुन्या इमारतीत कुठून आणणार? पायऱ्या थोड्याफार चढता येत असतील तर दोन्ही बाजूंना कठडा लावणंच योग्य.

साधन मिळवायच्या वाटा बऱ्याच आहेत. सगळ्यात जवळची आणि सगळ्यात कमी माहीत असलेली म्हणजे गावोगावची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं. मंडळं, ट्रस्ट, काही ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ ती चालवतात. अनामत भरून वॉकर, कमोड खुर्ची, फाउलर पलंग (डोक्याची-पायांची बाजू वर-खाली करता येणारा) नाममात्र भाड्यानं मिळतो. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांसाठी वॉकर विकत घेण्याची खरंच गरज नसते. या केंद्रांचं काम फार मोलाचं आहे. आणताना मात्र दोन मिनिटं तपासून आणा. खुर्चीच्या पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, त्यानं चाक अडकतं. कात्रीनं कापून काढायचे. ब्रेक लागत नसेल तर आधी टायरमधली हवा बघा. हवेच्या टायरच्या खुर्चीत ब्रेकचा दांडा टायरलाच दाबतो, त्यामुळे हवा कमी असली की ब्रेक लावूनही चाक फिरतं, आणि पलंगावरून खुर्चीत सरकताना माणूस नेमका तिथेच पडतो. वॉकरच्या चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात, टकदिशी बाहेर आलेली हवीत.

कायमचं साधन हवं असेल तर दिव्यांगांना साधनं देणारी केंद्र सरकारची एडिप योजना आहे. तिला किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं आणि उत्पन्नाची अट असते. त्यासाठी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. कार्डावर पिवळा पट्टा म्हणजे 40 ते 79 टक्के, निळा म्हणजे 80 किंवा जास्त. साठी ओलांडलेल्यांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिची आणि एडिपची साधनं मुख्यतः कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीकडून येतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 ची. वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर खात्यात एकदाच 3000 रुपये येतात. त्यातून चष्मा, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा असं काही घ्यायचं असतं आणि बिल जपून ठेवायचं असतं. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनाही दिव्यांगांसाठी 5 टक्के निधी ठेवावा लागतो. त्यातून काय मिळतं हे जागोजागी वेगळं, म्हणून तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता काठी. सगळ्यात स्वस्त साधन, आणि सगळ्यात जास्त चुकीचं वापरलं जाणारं. रोजच्या चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा. मनगटावर जिथे घडी पडते तिथे मूठ यायला हवी. त्याहून उंच काठीनं खांदा वर उचलला जातो आणि मान दुखते, बुटकी असेल तर माणूस वाकतो. आणि काठी दुखऱ्या पायाच्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरायची. दुखरा पाय आणि काठी एकत्र पुढे टाकायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. टोकाच्या रबरावरच्या रेषा बोटाला लागेनाशा झाल्या की ते रबर बदलायचं. ओल्या शहाबादी फरशीवर गुळगुळीत रबर साबणासारखं सरकतं. जुनं रबर दुकानात घेऊन जा, काठीच्या जाडीप्रमाणे माप वेगळं येतं.

बाथरूममधला आधाराचा दांडा हा टॉवेलचा दांडा नव्हे. टॉवेलचा दांडा दोन छोट्या स्क्रूंवर टांगलेला असतो, माणसाचा भार पडला की प्लॅस्टरसकट बाहेर येतो. रबरी चकतीनं चिकटणारेही नकोत, टाइल दमट झाली की सुटतात. दीड इंच जाडीचा स्टीलचा पाइप, भिंतीपासून दीड इंच अंतर, आणि विटेत खोल जाणारे अँकर बोल्ट हवेत. अंतर जास्त ठेवलं तर घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. टाइलला आरपार भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, टाइलच्या कोपऱ्याजवळ भोक पाडायचं नाही आणि भिंतीतला पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे प्लंबरला आधी विचारायचं. कमोडच्या बाजूचा आडवा दांडा बैठकीपासून आठ-नऊ इंच वर. घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं लटकून बघावं, मगच आजीला धरू द्यावा. आंघोळीला बसायचं स्टूल आणि बादली ठेवायला दुसरं स्टूल, एवढ्यानंही वाकणं वाचतं.

बाहेरच्या कामांसाठीही घरपोच सोय आहे, ती हक्कानं मागा. 70 वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना रोकड, चेकबुक, हयातीचा दाखला घरी देण्या-घेण्याबाबत रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर 2017 मध्येच बँकांना सांगितलेलं आहे. अडलंच तर ज्येष्ठांसाठी 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. सरकारी निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, केंद्राच्या 80 वर्षांवरच्या निवृत्तांना ऑक्टोबरपासून देता येतो. पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत काढून देतो, पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीनला दिसत नाहीत. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. माणसाला खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठीमागे उजेड नको, चष्मा काढा, आणि डोळ्यांची उघडझाप करायला आधीच सांगून ठेवा.