रात्री ११:४२ ला तो ऑनलाइन होता

"वेळ जाऊ दे, सगळं ठीक होतं." हे वाक्य ऐकलं की अजूनही माझं डोकं फिरतं. आधीच्या नात्यात फसवले गेले, त्याला तीन वर्षं झाली की! रडणं थांबलं, झोप लागू लागली, नवीन माणूस भेटला, आवडलाही. गाडी अडली ती त्याच्या पुढे.

आधीचा माणूस आठ महिने दुसरीकडे गुंतलेला होता आणि मला पत्ताच नव्हता. त्यामुळे आता उत्तराला वीस मिनिटं उशीर झाला की माझा हात फोनकडे जायचा. निळ्या टिका आल्या, मग उत्तर का नाही? एका रात्री दहाला 'झोपतो' म्हणालेला हा ११:४२ ला ऑनलाइन दिसला, गेला, ११:५० ला परत आला. मी पलंगाच्या कडेवर बसून त्या वेळा कागदावर लिहीत होते. सकाळी मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं, बहिणीचं बाळ तापाने फणफणलं होतं, तिचे मेसेज येत होते. सगळं खरं होतं, तरी माझ्या छातीतली धडधड थांबेना. तेव्हा मी घाबरले आणि समुपदेशकाकडे गेले.

त्या म्हणाल्या, तपासलं की थोडा वेळ बरं वाटतं आणि मेंदू तेवढंच शिकतो, की बरं वाटायचं तर तपासायलाच हवं. म्हणून पुढची ओढ आणखी जोराची. उपाय एकच, ओढ येऊ द्यायची पण फोन उघडणं लांबवायचं. आधी ५ मिनिटं, मग १५, मग तासभर. पहिले दोन आठवडे मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हाताच्या मुठी आवळून बसायचे. आपलं माणूस जवळ आहे ना, ही खात्री मूल शोधत असतं, हा मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बीचा जवळिकीचा सिद्धांत हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रेमाच्या नात्यांना लावला, हेही समुपदेशकांकडूनच कळलं. पुन्हा पुन्हा खात्री मागणारी मी एकटी नाही, हे ऐकून केवढं हायसं वाटलं!

खरं तर या सगळ्याच्या आधी त्याला सांगायला हवं होतं. मी चार महिने लपवलं. शेवटी म्हणाले, "तुला उशीर झाला की मला जुनं आठवतं. चूक तुझी नाही." त्याने आणाभाका घेतल्या नाहीत, एवढंच विचारलं, "मग मी काय करू?" उशीर होणार असेल तर एक ओळ टाकायची, असं ठरलं. दोनदा विसरला, दोन्ही वेळा स्वतःहून कबूल केलं. आधीच्याला काही विचारलं की तो माझ्यावरच उखडायचा. तुमच्याबाबत असं होत असेल, तर दोष तुमच्या भीतीला देऊ नका.

आणि पासवर्ड मागू नका. आताच्याने स्वतःहून देऊ केला होता, मी नको म्हटलं. त्याचा मला आजही अभिमान आहे.

गेल्या महिन्यात प्रवासात त्याचा फोन पाच तास बंद होता. 'पोचलो' हा मेसेज पहाटे तीनला आला. मी तो सकाळी वाचला, झोप पुरी झाल्यावर.