४० सेंटिमीटर मोकळा ओटा

रविवार, रात्री

आज अख्खी दुपार स्वयंपाकघरात गेली. स्वयंपाकघर म्हणजे एका खोलीच्या घरातली एक भिंत: शेगडी, सिंक आणि दोहोंच्या मधे मोकळा ओटा, टेपने मोजला तर ४० सेंटिमीटर. पलंगावर पडलं की समोर तोच दिसतो. पसारा दाराआड ढकलायला इथे दारच नाही.

गेल्या आठवड्यात मी सजावटीपासून सुरुवात केली होती. दोन फळ्या ठोकल्या, सारख्या बरण्या ओळीने मांडल्या, ओट्यावर कुंडी ठेवली. दिसायचं सुरेख, पण काही चिरायचं म्हटलं की कुंडी उचलून पलंगावर! म्हणून काल स्वयंपाक करताना हात कशाकडे किती वेळा जातो, ते कागदावर रेघा मारत मोजलं. सुरी आणि मीठ सगळ्यांत पुढे. मिक्सरकडे एकदाही नाही, आणि तोच ओट्यावर ऐसपैस बसलेला.

हे मोजणं मी ऑस्ट्रियन वास्तुविशारद मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांच्याकडून घेतलं. १९२६ साली त्यांनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं, तेही घरकामातली पावलं आणि वेळ मोजून. आगगाडीच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. खोली जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची. तिच्यातले ॲल्युमिनियमचे छोटे कप्पे मला फार आवडतात: एका बाजूला धरायला मूठ, दुसऱ्या बाजूला ओतायला निमुळतं तोंड. कप्पा ओढायचा आणि थेट पातेल्यात ओतायचं. इतका विचार कुणीतरी माझ्यासारखीच्या हातांचा केला होता!

तर मिक्सर खालच्या कपाटात गेला. सुऱ्या चुंबकाच्या पट्टीवर, मीठ शेगडीच्या उजवीकडे, झाकणं कपाटाच्या दाराला आतून. परवा टाइलवरचा चिकट हुक पातेल्यासकट खाली आला होता. टाइलवर तेलाचा पातळ थर होता, हाताला लागलाच नव्हता. आज स्पिरिटने पुसून, कोरडं करून नवा लावला. उद्यापर्यंत त्याला काही अडकवायचं नाही.

खरा फरक मात्र उजेडाने पडला. छतावरचा दिवा पाठीमागे, त्यामुळे माझीच सावली सुरीवर यायची. कपाटाखाली एलईडीची पट्टी आधी भिंतीलगत लावली, तर नुसती भिंत उजळली. पुढच्या कडेला, आतून लावली तेव्हा चिरायच्या फळीवर स्वच्छ उजेड आला. ३००० केल्विनचा पिवळसर उजेड, रात्री डोळ्यांना बरा वाटतो.

मोठा दिवा मालवून लिहिते आहे. भिंतीवरच्या फळ्यांवर रोज लागणाऱ्या पाचच बरण्या उरल्या आहेत. ओटा आता ६५ सेंटिमीटर मोकळा आहे. कुंडीला अजून जागा मिळालेली नाही, आजची रात्र ती खुर्चीवर.