तुम्ही विचारलंत म्हणून: टार्गेटचा स्टँड किती मजबूत असावा?

नेमबाजीचा हौशी सराव नव्याने सुरू केलेली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: टार्गेट लावण्यासाठी स्टँड घरच्या घरी करता येईल का, आणि तो मजबूत कसा करायचा? पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. करता येतो, आणि करवत, काही स्क्रू व दुपारभराची सवड एवढे भांडवल त्याला पुरते. मला खटकतो तो दुसरा भाग. वस्तू मजबूत असावी ही अपेक्षा सुतारकामात रास्तच. पण ज्या वस्तूच्या दिशेने गोळ्या झाडल्या जाणार आहेत, तिच्या बाबतीत ती अपुरी ठरते. कागद स्थिर धरणे हे स्टँडचे काम आणि गोळी अडवणे हे त्याच्या मागच्या मातीच्या बांधाचे काम. या दोन कामांची गल्लत झाली की माणूस जाड वासा, लोखंडी अँगल, मोठे बोल्ट असे जे जे कठीण ते ते नेमके गोळीच्या वाटेत आणून उभे करतो.

म्हणून स्टँडचे दोन भाग मनात सुरुवातीलाच वेगळे करावेत. वरचा भाग, म्हणजे उभ्या रिपा आणि पुठ्ठा, आज ना उद्या गोळी लागून निकामी होणार हे गृहीत धरून स्वस्त, मऊ आणि चटकन बदलता येईल असा असावा. खालची बैठक जड आणि टिकाऊ असावी, पण ती गोळीच्या रेषेपासून शक्य तितकी खाली राहावी. साधारण दोन सेंटिमीटर जाड आणि चार सेंटिमीटर रुंद अशी मऊ लाकडाची रीप उभ्या खांबासाठी उत्तम, कारण चुकलेली गोळी तिच्यातून आरपार जाते. त्याच जागी लोखंडी पाइप असेल तर त्याच्या गोलाईला घासून गेलेली गोळी कोणत्या दिशेला वळेल हे कोणालाच सांगता येत नाही. पीव्हीसीच्या पाइपांचे स्टँड बरेच जण करतात. ते हलके असतात आणि झटपट जोडता येतात हे खरे, पण उन्हात राहून ते ठिसूळ होतात आणि गोळी लागली की त्यांचे धारदार तुकडे उडतात. मला ते फारसे पसंत नाहीत.

बैठकीचे सारे मर्म खोबणीत आहे. दोन जाड पाय जमिनीवर नेमबाजाच्या दिशेने लांब असे ठेवावेत, ते एका आडव्या पट्टीने जोडावेत आणि प्रत्येक पायावर लाकडाचे तुकडे स्क्रूने बसवून रीप उभी राहील एवढी खोबण तयार करावी. ही खोबण रिपेच्या मापाला अगदी घट्ट करण्याचा मोह टाळावा, कारण दमट हवेत लाकूड फुगते आणि मग रीप निघता निघत नाही. खोबण किंचित सैल ठेवून बाजूने एक पाचर ठोकली की रीप ताठ उभी राहते आणि पाचर काढताच सुटते. खोबणीचा तळही मोकळा असावा. रीप बहुधा खोबणीच्या लगत वर मोडते आणि तिचे थुटूक आत अडकून बसते. तळ मोकळा असेल तर बैठक आडवी करून ते खालून ठोकून बाहेर काढता येते, शिवाय पावसाचे पाणी साचून लाकूड कुजत नाही. स्क्रू आणि खिळे याच खालच्या भागात ठेवावेत.

पाय पुढे-मागे लांब ठेवायचे ते वाऱ्यासाठी. पुठ्ठा लावलेला स्टँड म्हणजे शिडाची होडीच असते, आणि वारा तिला मागे किंवा पुढे लोटतो, बाजूला क्वचितच. दोन्ही पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या की प्रश्न मिटतो. बैठक लोखंडी असेल तर मात्र एक पिशवी तिच्या समोरच्या बाजूलाही हवी, म्हणजे खाली गेलेली गोळी धातूऐवजी वाळूत शिरेल.

पुठ्ठ्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, आणि गुणांचा घोळ तिथेच होतो. कागदाच्या पाठीशी सपाट आधार असेल तर छिद्राची कड स्वच्छ उमटते. आधार नसेल तर कागद फाटतो आणि गोळी रेषेला शिवली की नाही हे ठरवता येत नाही. एकाच जागी नेम धरून धरून पुठ्ठ्याचा मधला भाग चाळून निघतो, तेव्हा टार्गेट थोडे सरकवून लावावे किंवा सरळ पुठ्ठाच बदलावा. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा यासाठी पुरेसा आहे. ओल असेल तर तशाच पन्हळीचे प्लास्टिकचे पत्रे मिळतात. प्लायवूड लावू नये, कारण त्याच्या ढलप्या उडतात आणि वजनाने स्टँड वरून जड होतो.

आता खरा महत्त्वाचा भाग, जो सहसा कोणी विचारत नाही: स्टँड ठेवायचा कुठे आणि किती उंच? समजा तुम्ही उभे राहून नेम धरता आहात, नळी जमिनीपासून १.४ मीटरवर आहे आणि २५ मीटरवरच्या टार्गेटचा मध्य अवघ्या अर्ध्या मीटरवर आहे. म्हणजे २५ मीटरमध्ये गोळी ९० सेंटिमीटर खाली येते, दर मीटरला साधारण साडेतीन सेंटिमीटर. कागद भेदून ती त्याच उताराने पुढे जाते आणि आणखी सुमारे १४ मीटरवर जमिनीला लागते. बांध त्याच्याही पलीकडे असेल, तर गोळी आधी सपाट जमिनीवर दोन अंशांच्या तिरकस कोनात आदळेल आणि उसळून बांधावरून निघून जाऊ शकेल. तोच स्टँड बांधाच्या पायथ्याशी ठेवला तर गोळी थेट मातीत शिरते. म्हणून स्टँड बांधाच्या जवळ असावा, टार्गेटचा मध्य शक्यतो नळीच्या उंचीला असावा आणि त्याच्या वर बांधाची भरपूर माती शिल्लक राहावी. पॉइंट २२ची छोटी गोळीसुद्धा मोकळ्यावर दीड किलोमीटरहून अधिक जाते, त्यामुळे मागे झाडी आहे किंवा पत्र्याची भिंत आहे हे उत्तर चालत नाही. बंदुकीचा सराव परवानगी असलेल्या रेंजवरच करावा, आणि तिथेही घरचा स्टँड लावण्यापूर्वी तिथल्या अधिकाऱ्याला तो दाखवावा.

एअर रायफलचे गणित वेगळे आहे, आणि इथे ‘मजबूत’ या अपेक्षेला मी पूर्ण मान देतो, फक्त तिचा अर्थ ‘न हलणारा’ असा घ्यावा. दहा मीटरच्या एअर रायफलच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ अडीच मिलिमीटरने बाहेर असते. स्टँड तेवढा डुलला तरी एक गुण हातचा जातो. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर ठेवावा, म्हणजे स्पर्धेतल्या उंचीची सवय होते. कागदामागे छर्रे अडवणारी लाकडी पेटी हवी: तिच्या पाठीला जाड पोलादी पत्रा आणि त्यावर विजेच्या तारांच्या पाइपांची तोंडे बुजवायला वापरतात त्या न वाळणाऱ्या लुकणाचा जाड थर. शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा त्यात रुतून बसतो आणि आवाजही कमी होतो. नुसताच पत्रा लावायचा असेल तर तो वरच्या बाजूने नेमबाजाकडे तिरका झुकवावा, म्हणजे चपटा झालेला छर्रा खाली पडेल. पोलादी गोल छर्रे मात्र कठीण पृष्ठभागावरून सरळ परत येतात. ते अशा पेटीवर झाडूच नयेत. चष्मा दोन्ही प्रकारांत अनिवार्य आहे.

भंगारातला लोखंडी पत्रा टांगून त्यावर गोळी वाजवण्याची हौस अनेकांना असते, आणि स्टँडबरोबर तोही करून घ्यावा का असे विचारले जाते. बंदुकीसाठी माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. साध्या लोखंडाला गोळीने खळगे पडतात आणि त्या खळग्यांत शिरलेल्या पुढच्या गोळीच्या कपच्या उलट नेमबाजाकडे येतात.

राहिला शिशाचा प्रश्न. पेटी रिकामी करताना कोरड्या झाडूने झाडू नये, कारण बारीक धूळ हवेत मिसळते; ओल्या फडक्याने पुसावे आणि नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मोडलेल्या रिपांमध्येही शिशाचे कण आणि कधी कधी अख्खी गोळी अडकलेली असते, तेव्हा त्या जाळू नयेत आणि दुसऱ्या कामासाठी करवतीखालीही घेऊ नयेत.