आलेख डावीकडे सरकला

आमच्या विद्यापीठाच्या क्लीनरूममध्ये (चिप बनवण्याच्या धूळमुक्त खोलीत) प्रशिक्षणाची पहिली पूर्ण प्रक्रिया म्हणजे मॉस कपॅसिटर: धातू, ऑक्साइड आणि अर्धवाहक यांच्या थरांचा, विद्युतभार साठवणारा घटक. सिलिकॉन वेफरवर (पातळ चकतीवर) भट्टीत साधारण १०० नॅनोमीटर ऑक्साइड वाढवायचा, वर ॲल्युमिनियमचे ठिपके (गेट) द्यायचे आणि व्होल्टेज बदलत धारकता मोजायची. दिसायला किरकोळ काम, पण ऑक्साइड किती स्वच्छ आहे ते यातच कळतं.

त्या तुकडीत एमटेकची मुलं होती आणि चिपच्या कारखान्यात तंत्रज्ञ म्हणून जाऊ पाहणारे काही डिप्लोमावाले. आलेख पुस्तकात छापावेत असे आले. मुलं आवराआवरीला लागली. मी थांबवलं. वेफर २०० अंशांवर तापवून गेटला धन व्होल्टेज द्यायला सांगितलं, ते तसंच ठेवून थंड केलं आणि पुन्हा मोजलं. आलेख दोनेक व्होल्ट डावीकडे सरकला होता.

"यंत्र बिघडलंय," एकाने निकाल दिला. (हा निकाल प्रत्येक तुकडीत कोणीतरी देतंच.) मग ऋण व्होल्टेज देऊन तेच केलं, तर आलेख जवळजवळ जागेवर परत आला. म्हणजे ऑक्साइडच्या आत धन आयन इकडून तिकडे फिरत होते, आणि पहिला संशय सोडियमवर. १९६० च्या दशकात मॉस ट्रान्झिस्टर बेभरवशाचा ठरत होता तो याच सोडियममुळे.

एमटेकची मुलं हिशेबाला बसली. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ × १०¹¹ आयन. उत्तर बरोबर, पण ते आले कुठून? एक डिप्लोमाची मुलगी हिशेब सोडून वेट बेंचपाशी (रसायनांत वेफर धुण्याच्या ओट्यापाशी) गेली आणि तिथूनच म्हणाली, "मॅडम, या एकाच बीकरवर मापाच्या रेघा आहेत."

आमच्या क्वार्ट्झच्या बीकरांवर रेघा नाहीत. हा बोरोसिलिकेट काचेचा होता. कधीतरी क्वार्ट्झचा फुटला आणि कोणीतरी हाताला लागला तो ठेवला. त्या काचेत सुमारे ४ टक्के सोडियम ऑक्साइड असतो. वेर्नर कर्न यांनी १९६५ मध्ये आरसीए कंपनीत बसवलेली वेफर धुण्याची पद्धत आम्ही वापरतो. तिचा शेवटचा टप्पा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेरॉक्साइडचा, ७०-८० अंशांवर. धातूचे अंश काढण्यासाठीच तो असतो, आणि आमचा नेमका तोच टप्पा काचेत चालला होता.

बीकर बदलून मोकळं होता आलं असतं. मोठ्या कारखान्यात तेच झालं असतं. तिथल्या तंत्रज्ञाला पडद्यावर फक्त लॉट (वेफरचा गठ्ठा) अडवल्याचं दिसतं, आणि मुद्दाम सोडियम लागलेला वेफर घालून भट्टी खराब करून बघायची परवानगी कोणी देणार नाही. आमची यंत्रं जुनी, वेफर छोटे; पण ही परवानगी मी देऊ शकते. प्रशिक्षणासाठी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा खरा उपयोग मला तरी हाच वाटतो.

भट्टीची नळी क्लोरीनयुक्त वायूने साफ केली. आधी क्वार्ट्झमध्ये धुतलेला वेफर घातला: आलेख जागचा हलला नाही. मग काचेत धुतलेला: पुन्हा डावीकडे. हा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यानंतर नळी परत साफ करणं आलंच.

या सगळ्यात संशोधक विद्यार्थ्यांचे भट्टीचे वार पुढे ढकलले गेले आणि माझ्याविरुद्ध लेखी तक्रार झाली. विभागप्रमुखांनी खुलासा मागितला, तेव्हा मी ते दोन आलेख आणि त्या मुलीची प्रयोगवही पाठवून दिली.