पांदणीत रुतलेली जीप

आमच्या घरची जीप १९९३ची आहे. महिंद्राची एमएम ५४०. २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, आणि मोठ्या गिअरच्या दांड्याशेजारी दोन बुटके दांडे. एक पुढच्या चाकांना ताकद द्यायचा, दुसरा हाय-लोचा; लो टाकला की गाडी हळू चालते पण ताकद जास्त लावते. बाबांनी ती जुनीच घेतली होती. कापूस, बी-बियाणं, लग्नाचं वऱ्हाड, बाळंतपणाला निघालेल्या बाया, सगळ्यांनी त्या जीपमधून प्रवास केलाय. बाबा गेले आणि पुढची सहा वर्षं ती गोठ्याजवळच्या टिनाखाली उभी राहिली. भाऊ महिन्यातून एकदा हीटर देऊन चालू करायचा, देवळापर्यंत चक्कर मारायचा, परत लावायचा. ते बुटके दांडे मात्र कोणी हलवले नव्हते.

मी नोकरीला यवतमाळला, गाव घाटंजी तालुक्यात. शनिवारी संध्याकाळी गावी आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने परत, असं माझं चालतं. वावर गावापासून तीन किलोमीटर, आणि मधली सगळी पांदण, म्हणजे वावरात जायची कच्ची वाट, काळ्या मातीची. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस आला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा बंद होतात. मग दोन दिवस झड लागली की पांदणीत चप्पलसुद्धा पायात राहत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या सालदाराच्या लेकराला वावरातल्या झोपडीत ताप चढला. बैलबंडीतून डांबरी रस्त्यावर आणायला दीड तास लागला. लेकरू बरं झालं, पण त्या दीड तासात बंडीमागे चालताना मी ठरवलं, की येत्या पावसाळ्याआधी जीप चालती करायची, आणि चारही चाकांच्या ताकदीवर चालेल अशी करायची.

पहिल्या रविवारी एकाही नटाला पाना लावला नाही. नुसती धुतली आणि खाली पोतं टाकून बॅटरीच्या उजेडात पाहत पडलो. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घर. ब्रेकचे रबरी पाइप वाकवले की बारीक चिरा दिसायच्या. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममधून तेल ओघळून वाळलेलं. तालुक्याच्या मिस्त्रीचाचांना फोटो पाठवले, त्यांचा फोन आला, "पहिले ब्रेक कर, मंग बाकीचं पाहू. चालू झाली अन् थांबली नाही तं काय करशील?" तो अख्खा महिना ब्रेकमध्येच गेला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. पाइप नवे, चाकातले सिलिंडर नवे, आणि पुतण्याने पायडल मारून मारून काढलेली हवा.

खरं काम त्यानंतर. डिफरन्शियलचं, म्हणजे एक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांच्या गोळ्याचं तेल बदलायचं होतं. असा एक गोळा पुढे, एक मागे. मी उत्साहात खालचा, तेल सोडायचा बोल्ट ढिला करायला बसलो, तर चाचांनी फोनवरच थांबवलं. आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडायचा. तो उघडला तरच खालच्याला हात लावायचा. कारण खालून तेल सांडून गेलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी तिथेच कोरडी उभी. आणि वरचा जाम होताच. रात्रभर डिझेलचा बोळा बांधून ठेवला, सकाळी पान्याला चार फुटी पाइप घालून दोघांनी दाबला तेव्हा कुरकुरत फिरला. मागच्या गोळ्यातलं तेल काळं पण चांगलं होतं. पुढच्यातून मात्र दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी आलं. त्यात पाणी शिरलं होतं.

सहा वर्षं टिनाखाली उभ्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये पाणी कुठून येणार? म्हणजे ते बाबांच्या काळातलंच. कारण सापडलं ब्रीदरमध्ये. एक्सलच्या हाउसिंगवर बोटाच्या पेराएवढी टोपी असते, आतल्या हवेने श्वास घ्यावा म्हणून. आमच्या टोपीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधून ती पक्की लिंपून टाकली होती. गाडी चालून गोळा तापतो आणि तसाच नाल्याच्या गार पाण्यात उतरतो, तेव्हा आतली हवा आकसते. वरून हवा घ्यायला वाट नसली, की गोळा सिलांच्या कडेने पाणी ओढून घेतो. बाबा दर पावसाळ्यात नाला ओलांडायचे. सुईने ती माती टोकरून काढली, टोपी डिझेलमध्ये बुडवली, फुंकर मारली तेव्हा पलीकडून हवा आली. पाच मिनिटांचं काम. मला त्या दिवशी इतका आनंद झाला, की भावजयीने ताटावर बसल्यावर विचारलं, "आज काय सापडलं म्हणते मी?"

प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचे, सांध्यातले क्रॉस नंतरच्या रविवारी. क्रॉसच्या चारही टोप्यांमध्ये सुईसारखे बारीक रोलर असतात. ग्रीसगन निप्पलला लावून दाबत राहायचं, चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत. आमच्या पुढच्या शाफ्टच्या एका क्रॉसला तीन टोकांतून आलं, चौथ्यातून आलंच नाही. ती टोपी काढली तर आत तांबडा गंज आणि रोलरांचा भुगा. तो क्रॉस बदलला. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर खडूची एक सरळ रेघ मारून ठेवा, आणि परत बसवताना रेघ जुळवा. एखादा दाता पुढेमागे बसला तर गाडी थरथरते आणि नवा क्रॉसही लवकर खातो.

पुढच्या चाकांना आधीच्या मालकाने फ्री-व्हील हब बसवलेले आहेत. रस्त्यावर चालताना चाक पुढच्या एक्सलपासून सोडवायचं, चिखलात उतरण्याआधी हाताने खटका फिरवून जोडायचं. दोन्ही हब खोलले, आतलं ग्रीस वाळलेल्या गुळासारखं झालेलं, ते धुऊन नवं भरलं. उजव्या हबवर 'लॉक' आणि 'फ्री' ही अक्षरं स्पष्ट आहेत. डाव्याची झिजून गेलेली. त्यावर त्याच दिवशी रंगाचा एक ठिपका द्यायला हवा होता. राहून गेलं.

जून सुरू झाला तेव्हा पहिली चाचणी घेतली, तीही चुकीच्या जागी. हब लॉक करून, फोर बाय फोर टाकून गावच्या सिमेंट रस्त्यावर चक्कर मारली. दोन वळणांत स्टिअरिंग जड झालं आणि दांडा परत टू-व्हीलमध्ये येईना. घाबरून चाचांना फोन केला. ते म्हणाले, "रिव्हर्स घे थोडीशी, सुटते." दहा फूट मागे घेतली आणि दांडा लोण्यासारखा सरकला. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या जीपमध्ये पुढचा-मागचा फरक सोडवायला मध्ये डिफरन्शियल नाही. मातीत चाक घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या सिमेंटवर निघत नाही. सगळा पीळ गिअरांमध्ये साठतो. तेव्हापासून फोर बाय फोर फक्त मातीत.

आणि मग जुलैतला तो रविवार. दोन दिवसांची झड नुकती थांबली होती. वावरात युरिया पोचवायचा होता, ४५ किलोच्या आठ गोण्या मागे टाकल्या. पांदणीच्या तोंडाशी उतरून हब फिरवले, लो टाकला, निघालो. पहिला किलोमीटर जीप इतकी सुरेख चालली, की भाऊ काही न बोलता नुसता हसत होता. नाल्याचं पाणी पांदणीवर पसरतं तिथे मात्र ती थांबली. आणि मी रेस दिली.

काळ्या मातीत हीच सगळ्यात मोठी चूक. माती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत लाटण्यासारखं होतं आणि स्वतःच्या बुडाखालचीच माती उपसत खाली जातं. मी चार-पाच सेकंदच रेस दिली असेल. भाऊ ओरडला, "थांब नं! काऊन रेस देऊन राह्यला? गाडी बसून राह्यली खाली!" तोवर मागचा गोळा चिखलावर टेकला होता.

इंजिन बंद केलं आणि उतरलो. आधी आठही गोण्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर नेल्या, ताडपत्रीवर ठेवल्या. साडेतीनशे किलो उतरल्यावर जीप दोन बोटं वर आली. मग पुतण्याला दूर उभं करून मी लो पहिल्यात क्लच हलकेच सोडला आणि तो चाकं पाहत राहिला. "काका, मागचं एकच फिरते. समोरचं एक बी नाही फिरत." पुढचं एकही नाही? दांडा तर आत होता. मी खाली वाकून पाहिलं, पुढचा शाफ्ट फिरत होता. मग कळलं. डाव्या हबवर हात घातला, चिखल पुसला, खटका चाचपला. तो फ्रीवरच होता. अक्षरं नसल्यामुळे मी उलटा फिरवला होता. डिफरन्शियल नेहमी सोप्या बाजूला ताकद सोडतं. डावी बाजू मोकळी, तर सगळी ताकद त्या मोकळ्या एक्सलला, आणि उजवं चाक लॉक असूनही जागेवर. एका खटक्यामुळे आमची जीप टू-व्हीलच होती.

पक्कडीने खटका फिरवला, पण तोवर गोळ्याखालचा चिखल उपसल्याशिवाय काही होणार नव्हतं. फावडं तिथे पोचत नाही. टोपल्याच्या कडेने आणि हातांनीच काढला. मागची पन्नास पावलं जमीन घट्ट होती, म्हणून पुढे जायचा हट्ट सोडून आल्या वाटेने मागे निघायचं ठरवलं. चाकांमागे उतार खणला. बाटलीजॅक मातीत गेला असता, म्हणून बंडीची फळी त्याखाली टाकली आणि एकेक चाक उचललं. धुऱ्यावर वेचून टाकलेले दगड आणि गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, हे आमच्या शेताचं सामान. खाली दगड, वर पऱ्हाट्या आडव्या, चाकाच्या मागे दोन हात लांब. जॅकवर गाडी असताना कोणाचाही हात चाकाखाली जाऊ द्यायचा नाही, पऱ्हाट्या काठीने ढकलायच्या. पुतण्याला दोनदा मागे ओढावं लागलं.

मग हवा. चारही चाकांत २८ पौंड होती, ती १६वर आणली. टायर पसरतं, त्याचा मातीवरचा भार वाटला जातो. आमची ट्यूबची चाकं आहेत, म्हणून याच्या खाली गेलो नाही. फार कमी हवेत टायर रिमवर सरकतं आणि व्हॉल्व्हपाशी ट्यूब फाटते.

एवढ्यात शेजारच्या वावरातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. मनाने मोठा माणूस, आल्या आल्या साखळी काढली आणि ट्रॅक्टरच्या टॉपलिंकच्या, म्हणजे मागच्या वरच्या जोडणीच्या जागी अडकवायला लागले. भावाने हात धरला. "काका, थांबा जरा. तिथं नोका लावू." ओढ मागच्या एक्सलच्या वरून लागली, की ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. टोचन करायचं, म्हणजे गाडी ओढायची, तर खालच्या हुकलाच. आणि साखळीचं भय आमच्या घराला ठाऊक आहे. बाबा एकदा टोचन देत असताना साखळी तुटली, तुकडा उडून समोरची काच फोडून सीटच्या पाठीत घुसला. बाबा त्याच क्षणी बाजूला वाकले होते म्हणून वाचले. काकांनी ते ऐकलं, साखळी परत गुंडाळली आणि म्हणाले, "मंग पाहा तुम्ही करून, मी हाये इथंच." ते तासभर थांबले.

लो रिव्हर्स. क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. इंजिन आपल्या आयडलवर ढुगढुग करत होतं, चारही चाकं गोगलगाईच्या चालीने फिरायला लागली, पऱ्हाट्या कडाकडा मोडल्या. जीप हातभर मागे सरकली आणि मागचं डावं चाक फिरायला लागलं. मी डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका दाबला. मोकळं फिरणारं चाक अडलं, की डिफरन्शियलला दुसऱ्या चाकाकडे ताकद द्यावी लागते. नाकाने एक झटका दिला, मग दुसरा, आणि ती पऱ्हाट्यांवर चढली. पुढची पन्नास पावलं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. काकांनी टोपी काढून हवेत हलवली.

तीन तास गेले. पायाच्या पंपाने चारही चाकं परत २८वर न्यायला आणखी अर्धा तास, पुतण्या आणि मी आळीपाळीने. गोण्या त्या दिवशी काकांच्या ट्रॅक्टरनेच वावरात गेल्या.

पुढच्या शनिवारी पोचलो तेव्हा चिखल वाळून सिमेंट झाला होता. तो त्याच संध्याकाळी धुवायला हवा असतो. ड्रममध्ये राहिला तर ब्रेकचे लायनर खातो, रेडिएटरच्या जाळीत राहिला तर इंजिन तापतं. सगळी ड्रम उघडली, क्रॉसना परत ग्रीस मारलं. मग दोन्ही गोळ्यांचे बोल्ट, आधी वरचे. या वेळी हाताच्या जोरावर फिरले. मागचं तेल स्वच्छ, पुढचंही स्वच्छ. पुढच्या डाव्या चाकाच्या नकलमधून, म्हणजे चाक वळतं त्या सांध्यातून मात्र पांढुरकं ग्रीस निघालं, तिथलं सील गेलंय. नागपूरहून मागवलं आहे. डाव्या हबवर आता पिवळ्या ऑइलपेंटचा मोठा ठिपका आहे, आणि भावाने त्याच रंगाने शेजारी 'लॉक' असं लिहिलंय, बाबांसारख्याच तिरक्या अक्षरात.