प्रॉम्प्टची नोंदवही : चौथा महिना

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की प्रॉम्प्टच्या, म्हणजे चॅटबॉटला लिहून दिलेल्या सूचनेच्या, सुरुवातीला त्याला एखादी भूमिका दिली की निम्मं काम होऊन जातं. ते मत आज मागे घेतोय. या महिन्यात जो मजकूर खरोखर वापरण्याजोगा निघाला, तो कच्च्या मालामुळे निघाला. प्रॉम्प्टमध्ये मी काय माहिती ओततो यावर सगळं अवलंबून आहे, आणि ती माहिती गोळा करण्यात प्रॉम्प्ट लिहिण्याच्या कितीतरी पट वेळ जातो. चार महिन्यांत मला हे सगळ्यात उशिरा कळलं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. माझी मावसबहीण, म्हणजे ताई, हाताने वह्या शिवते. तिला जाहिरातीचा मजकूर लिहायचा कंटाळा आणि मला प्रॉम्प्ट लिहायची हौस. त्यामुळे तिच्या वह्यांची वर्णनं, पोस्ट, ईमेल आणि छोटे मेसेज यांवर माझे प्रयोग चालतात.

पहिल्या महिन्यातला माझा प्रॉम्प्ट असा होता : ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला जाहिरात-लेखक आहेस. हाताने शिवलेल्या वहीसाठी आकर्षक आणि सर्जनशील वर्णन लिही.’

त्यावर आलेलं उत्तर : ‘सादर आहे आमची हस्तनिर्मित वही! ही केवळ वही नाही, तर एक अनुभव आहे. प्रत्येक क्षण खास बनवा आणि आपल्या सर्जनशीलतेला नवे पंख द्या!’

तेव्हा मला हे बरं वाटलं होतं. आता मी अशा मजकुरावर एक सोपी चाचणी लावतो. ‘वही’ काढून तिथे ‘खुर्ची’ घालायची. वरचा मजकूर खुर्चीलाही तंतोतंत बसतो, दिव्यालाही बसतो. म्हणजे त्यात वहीबद्दल एक अक्षरही नाही. हीच चाचणी मी माझ्या प्रॉम्प्टलाही लावली, तर तोही खुर्चीला तसाच चालत होता. जे मी दिलंच नव्हतं ते परत कुठून येणार?

यामागचं कारण साधं आहे. आजचे चॅटबॉट ज्या रचनेवर उभे आहेत ती ट्रान्सफॉर्मर नावाची रचना २०१७ साली मांडली गेली. चॅटबॉटचं काम एवढंच, की आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायचा. समोर ठोस काही नसलं की अंदाज सगळ्यांनी लिहून गुळगुळीत झालेल्या वाक्यांकडे घसरतो. ‘आकर्षक’ आणि ‘सर्जनशील’ या शब्दांनी ती घसरण आणखी वाढते, कारण जाहिरातीच्या ज्या मजकुराला लोक आकर्षक म्हणत आले तो नेमका असाच असतो. भूमिका दिल्याने सूर बदलतो, हे खरं आहे. पण माहिती वाढत नाही.

मग मी ताईला फोन केला आणि म्हटलं, “ताई, तुझी वही हातात घे आणि मला दिसत नाहीये असं समजून सांग.” ती दहा-बारा मिनिटं बोलली. मी ते रेकॉर्ड करून जसंच्या तसं उतरवून घेतलं, ‘म्हणजे’ आणि ‘बघ’ सकट. त्यातले दोन तुकडे इथे देतो :

“दुकानातली वही बघ, मधोमध उघडली तरी मिटायला बघते. डाव्या पानावर लिहिताना दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागते. ही नाही तशी. ही टेबलावर सपाट पडते, कारण जुज उघड्या शिलाईने बांधलेत, पाठीला गोंद थापलेला नाही.”

“शाईपेनने लिही बिनधास्त. शाई फुटत नाही, मागच्या पानावर उतरत नाही. मी आधी दोन कागद टाकून दिले त्यापायी.”

या दोन तुकड्यांत जितका माल आहे तितका मला तीन महिने प्रॉम्प्ट घासूनही मिळाला नव्हता. आता प्रॉम्प्ट असा झाला :

‘खाली वह्या शिवणाऱ्या बाईंचं बोलणं जसंच्या तसं दिलं आहे. (इथे पूर्ण बोलणं.) यावरून वहीचं वर्णन लिही. वाचक : रोज शाईपेनने डायरी लिहिणारी व्यक्ती, जिच्या आधीच्या वहीत शाई मागच्या पानावर उतरायची. वाचून झाल्यावर तिने एकच करावं, कोणत्या आकाराची वही हवी ते कळवावं. साठ ते ऐंशी शब्द. वाचकाला “तुम्ही” म्हण. “केलं, गेलं” अशी बोलायची रूपं वापर. वरच्या बोलण्यात नसलेला एकही दावा करू नकोस. काही माहिती कमी पडली तर लिहायला घेण्याआधी मला विचार.’

शेवटची दोन वाक्यं नंतर जोडली. त्यांच्याशिवाय चॅटबॉटने ‘आयुष्यभर टिकणारी’ आणि ‘पर्यावरणपूरक’ असे दोन दावे स्वतःहून घुसवले होते. ताई यातलं काहीच बोलली नव्हती. दुसऱ्याच्या वस्तूबद्दल लिहिताना असा एक शब्द निसटला तर उत्तर तिला द्यावं लागतं, आपल्याला नाही. म्हणून दाव्यांबद्दलचं हे वाक्य आता माझ्या प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये असतं. ‘माहिती कमी पडली तर विचार’ याचा तर दुप्पट फायदा झाला. चॅटबॉटने मला विचारलं की कागद किती जाडीचा आहे आणि पानं कोरी आहेत की रेघांची. मला स्वतःला हे ताईला विचारायचं सुचलं नव्हतं. (१०० जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं वजन १०० ग्रॅम; पानं कोरी.)

जे आलं त्याची सुरुवात अशी होती : ‘डाव्या पानावर लिहिताना वही दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागते ना? ही धरावी लागणार नाही. जुज उघड्या शिलाईने बांधलेत, त्यामुळे वही टेबलावर सपाट पडते. कागद १०० जीएसएमचा, कोरा. शाईपेनने लिहा, शाई मागच्या पानावर उतरत नाही.’

मी ते ताईला वाचून दाखवलं. आधीचं पंखवालं वर्णन ऐकून ती म्हणाली होती, “अरे, असं मी कधी बोलते का?” या वेळी तिने फक्त एवढंच विचारलं, “जुज म्हणजे काय ते कळेल का रे लोकांना?” आम्ही शब्द ठेवला आणि पुढे ‘म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या गड्ड्या’ असं चार शब्दांत सांगून टाकलं. वह्यांवर जीव असलेल्या माणसाला असा शब्द मिळाला की तो खूश होतो, असं माझं मत आहे.

भाषेबद्दल. इंग्रजीत प्रॉम्प्ट लिहून ‘उत्तर मराठीत दे’ म्हटलं की मजकुराला भाषांतराचा वास येतो. ‘आपल्या दैनंदिन जीवनात समाविष्ट करा’ छापाची वाक्यं येतात, प्रत्येक वाक्य ‘अनुभवा’, ‘शोधा’, ‘जगा’ अशा आज्ञेने संपतं. प्रॉम्प्टच बोलत्या मराठीत लिहिला, आणि त्यात एखाद्या माणसाचं खरं बोलणं असलं, तर उत्तरही बरंचसं त्याच वळणाचं येतं. तरी दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्या लागतात. एक, वाचकाला तू, तुम्ही की आपण. हे न सांगितल्यास एकाच परिच्छेदात तिन्ही भेटतात. दुसरं, ‘केलं’ की ‘केले’. हेही मिसळतं, आणि वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता आलं नाही तरी खटकतंच.

नमुने देण्याबद्दल मी दुसऱ्या महिन्यात लिहिलं होतं, त्यात एक भर. प्रॉम्प्टमध्ये दोन-चार नमुने घातले की मॉडेल (चॅटबॉटमागची भाषा शिकलेली प्रणाली) नव्याने शिकवल्याशिवायच ती धाटणी उचलतं, हे २०२० मध्ये जीपीटी-३ नावाच्या मॉडेलच्या शोधनिबंधात दाखवलं गेलं आणि तेव्हापासून ही युक्ती सगळ्यांच्या हातात आहे. पण ते चांगल्याबरोबर बाकीचंही उचलतं. मी ताईच्या जुन्या पोस्टमधले तीन आवडते नमुने दिले. तिन्ही योगायोगाने प्रश्नाने संपत होते. पुढचे सगळे मजकूर प्रश्नाने संपायला लागले, आणि मी आधी दोष सूचनांमध्ये शोधत बसलो. आता नमुने निवडताना मी ते मुद्दाम एकमेकांपासून लांबचे घेतो : एक लांब, एक अगदी तोकडा, एक किस्सा सांगणारा. त्यांच्यात फक्त आवाज सारखा हवा.

नकारांची यादी मात्र मी जवळजवळ सोडून दिली आहे. ‘अनुभव हा शब्द नको, पंख नको, प्रवास नको’ असं लिहिलं की ते शब्द जातात, पण त्यांचे भाऊबंद येतात. त्याऐवजी ‘प्रत्येक वाक्यात डोळ्यांना दिसणारी किंवा हाताला लागणारी एक गोष्ट असू दे’ असं सांगितलं तर काय करायचं ते त्याला नेमकं कळतं. वर दाव्यांबद्दल दिलेला नकार हा एकच मी ठेवला आहे. आणि ‘ग्राहक काय म्हणतात’ असं काही कधीच लिहून घेत नाही. मागितलं तर चॅटबॉट न झालेल्या ग्राहकांच्या तोंडी सुंदर वाक्यं घालून देतो. ती खोटी असतात. लोकांचे शब्द लोकांकडूनच यावेत.

आता या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता शोध : अक्षरांची मोजणी. ताईला जुन्या ग्राहकांना एसएमएस पाठवायचा होता. नुसत्या इंग्रजी लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, पण देवनागरीत ही मर्यादा ७० वर येते. त्याहून लांब झाला की मेसेजचे तुकडे पडतात आणि मग एका तुकड्यात ६७ च बसतात. मी चॅटबॉटला ‘७० अक्षरांच्या आत’ असं सांगत राहिलो आणि तो दर वेळी छातीठोकपणे ‘६८ अक्षरे’ लिहून त्याहून लांब मजकूर देत राहिला.

दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली, मॉडेल अक्षरं पाहतच नाही. त्याला मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मिळतो, आणि देवनागरीत ते तुकडे कुठेही पडतात. दुसरी, आपण ज्याला अक्षर म्हणतो ते फोनच्या हिशोबात अक्षर नव्हे. ‘वह्या’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसतो. फोन मोजतो पाच : व, ह, हलन्त, य आणि काना. शेवटी आम्ही पाठवला तो मेसेज हा :

‘नवीन वह्या शिवून तयार. शाईपेनची शाई फुटत नाही. हवी असेल तर कळवा.’

डोळ्यांनी मोजला तर विरामचिन्हं आणि मोकळ्या जागा धरून ४७. फोनच्या हिशोबाने ६४. आता मी प्रॉम्प्टमध्ये अक्षरं सांगतच नाही, ‘बारा शब्दांच्या आत, लहान शब्द, जोडाक्षरं कमी’ असं सांगतो. असे आठ पर्याय मागवतो आणि मोजणी स्वतः साध्या मोजणीच्या साधनाने करतो. बारा शब्दांत साधारण काम भागतं.

चौकटींबद्दल थोडक्यात. लक्ष, रस, इच्छा, कृती ही जाहिरातीतली चौपायरी एल्मो लुईस यांच्या नावावर १८९८ पासून सांगितली जाते, आणि चॅटबॉटला ती तोंडपाठ आहे. तिचं नाव घेतलं की तो चारही पायऱ्या ठणठणीत वाजवतो, वाचकाला प्रत्येक पायरी ऐकू येते. ऐंशी शब्दांच्या मजकुरात एक वाचक, त्याची एक अडचण आणि त्याने करायची एक गोष्ट एवढं नेमकं दिलं की चौकटीशिवाय भागतं.

कल्पना हव्या असतील तेव्हा मी लगेच मजकूर मागत नाही. आधी ‘या बोलण्यातून पोस्टसाठी पंधरा वेगवेगळे मुद्दे काढ, प्रत्येक एका ओळीत’. पहिले चार-पाच कुणालाही सुचतील असे असतात. खरे चमकदार बहुधा दहाच्या पुढे सापडतात. ‘दोन कागद टाकून दिले त्यापायी’ हा बाराव्या क्रमांकावर होता, आणि ताईची आतापर्यंतची मला सगळ्यात आवडलेली पोस्ट त्यातून झाली : टाकून दिलेल्या दोन कागदांचे फोटो, प्रत्येकावर फुटलेल्या शाईची एक ओळ, आणि खाली तीन वाक्यं.

तपासून घेतानाही प्रश्न कसा विचारतो त्यावर सगळं ठरतं. ‘कसं झालंय?’ विचारलं की कौतुक येतं. ‘तुझ्याकडे आधीच तीन कोऱ्या वह्या पडून आहेत. हे वाचताना तू कोणत्या वाक्यावर वाचायचं सोडशील, आणि का?’ असं विचारलं की खरी उत्तरं येतात. हे मी नेहमी नव्या चॅटमध्ये विचारतो. त्याच चॅटमध्ये विचारलं तर आधीचं सगळं बोलणं समोर असतं आणि तो आपल्याच मजकुराची बाजू घेतो. प्रॉम्प्टची तुलना करतानाही हेच : प्रत्येक आवृत्ती नव्या चॅटमध्ये, किमान पाच वेळा. एकाच प्रॉम्प्टला दर वेळी वेगळं उत्तर येतं, त्यामुळे एका चांगल्या उत्तरावरून प्रॉम्प्ट चांगला ठरवता येत नाही. भूमिकेबद्दलचं माझं जुनं मत नेमकं तसंच, एका चांगल्या उत्तरावर उभं होतं.

आणखी एक छोटा बदल. बोलणं लांबलचक असेल तर ते आधी घालतो आणि सूचना सगळ्यात शेवटी. लांब मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या हातून निसटते, हे २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मलाही तेच दिसलं : मध्ये दडलेली शब्दमर्यादा तो विसरायचा, शेवटी ठेवल्यावर पाळायला लागला.

अजून न सुटलेली गोष्ट एकच. ताईची मैत्रीण वह्यांची कापडी वेष्टनं शिवते आणि आता दोघींची एकच ईमेल जाणार आहे. तिचंही बोलणं उतरवून घेतलं आहे. ताई तुटक बोलते, ही लांब वाक्यांत, मध्येच हसत. दोघींचं बोलणं एका प्रॉम्प्टमध्ये घातलं की दुसऱ्याच परिच्छेदात दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात. या आठवड्यात दोन वेगळ्या चॅटमध्ये दोन तुकडे लिहून घेतोय. जोडायचं काम मी हाताने करणार आहे.